एकेकच घास

कडा, ता. आष्टी
घट बसले त्याच्या चौथ्या दिवशी

नंदे,

उत्तर द्यायचं नसलं तर देऊ नको, पण हे शेवटपर्यंत वाच. तू सीलचा अभ्यास कराया गेलीस त्या बेटावर आठवड्यातनं एकदाच उपग्रहावरनं टपाल उतरतं म्हणं. फोन न्हाई, फोटो न्हाई, नुसती अक्षरं. म्हणून गिरणी बंद केली आन् अंगठ्यानं एकेक अक्षर हाणत बसलेय. भगर दळायला आलेल्या बाया दारात उभ्या हायत. राहू देत उभ्या.

तुझी आई घटी बसलीय. म्हणशील त्यात काय नवं, दरसाल बसती. दरसाल बसती तवा भगर खाती, शेंगदाण्याची आमटी वरपती, रताळी उकडून घेती, आन् दसऱ्याला माझ्यापेक्षा जाड होऊन उठती. औंदा तसं न्हाई. औंदा नुसतं पाणी आन् तुळशीचं एक पान. ओसरीवर घटासमोर चटई टाकलीय, तिथनं हलत न्हाई.

मी विचारलं, "आक्का, हे कावून?" तर म्हणली, "नवस हाय." कसला म्हणलं तर तोंड भिंतीकडं. पण एका घरात दोन जावा तीस वर्षं नांदल्यावर काय लपतंय व्हय? आरतीच्या वक्ताला पुटपुटत होती, मी मागंच उभी. "माझी लेक जहाजात बसल्याचं कळल्याबिगर अन्नाला शिवणार न्हाई." जहाजात बसल्याचं, बरं का. येते म्हणल्याचं न्हाई. तुझ्या "येते"वर अर्जुन भावजी खाटंवर पडून दाराकडं बघत राहिले आन् तसेच गेले. हे मी काढणार नव्हते, पण निघालं. तुझे वडील होते, तुला कमी दुखलं असं मी म्हणत न्हाई.

आता खरं सांगायचं ते सांगते. भावजी गेल्यापसनं ती तुझ्याशी एक शब्द बोलली न्हाई, माहीत हाय. तुझं नाव काढलं की उठून परसात जाती. पण तू जायच्या आधी शाळेतल्या पोरांसाठी मराठीतनं केलेलं ते भाषण, सोंडवाल्या सीलचं, ते माझ्या फोनवर रोज दुपारी लावाया लावती. उशाला फोन ठिवून ऐकती. मला वाटलं लेकीचा आवाज ऐकतीय, ऐकू दे. ती आवाज ऐकत नव्हती नंदे, ती धडा शिकत होती. तू त्यात सांगितलंस, सीलची आई किनाऱ्यावर येती, बाळंत होती, आन् तीन आठवड्यांच्या वर एक मासा तोंडात घालत न्हाई, पाणी पीत न्हाई, लेकराला पाजती. आक्कानं तेवढंच धरलं. काल मला म्हणती, "सत्यशीला, जनावर आसून करतंय. मी तर माणूस हाय."

माझा राग आला तर लिही. न्हाई आला तरी लिही.

तुझी काकू,
सत्यशीला

*

कडा
दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी

नंदे,

सगळ्या गावाचा उपास सुटला. तुझ्या आईचा न्हाई.

काल घट उठले, सोनं लुटलं, घरोघर तळणाचा वास. तुझे आदिनाथ काका ताट घेऊन तिच्यासमोर बसले. साठीतला बाप्या, मोठ्या भावजयीपुढं हात जोडून बसलाय, मला बघवंना. तिनं ताट हळूच मागं सारलं आन् म्हणली, "भाऊजी, तुमी जेवा. मला भूकच न्हाई." ती खरं बोलती. चौथ्या-पाचव्या दिवसापसनं तिची भूक गेलीय. आधी कळवळायची, तवा मला धीर होता. आता हसती, आन् मला भ्या वाटतंय.

तिच्या तोंडाला वास येतोय, पिकून उतरलेल्या सीताफळासारखा. गोड, पण नासका. मुकादमाची बायको सुभद्राबाई बघाया आलती, तिनं गावभर केलं की केशरबाईच्या तोंडाला देवीचा सुवास येतोय. झालं. तवापसनं ओसरीवर रांग. ऊस तोडाया निघणाऱ्या बाया येतात, पायावर डोकं ठिवतात, हंगाम सुखाचा जाऊ दे म्हणतात. आक्का लाजती, पण पाय मागं घेत न्हाई. माणसाला एकदा देव केला की त्याला जेव म्हणायची कुणाची छाती व्हती?

एक चाँदबी तेवढी बोलली. मुनव्वर फळवाल्याची आई गं, तुला लहानपणी बोरं द्यायची ती. काठी टेकत आली, आक्काच्या गालाला हात लावला आन् म्हणली, "केशर, आमच्या रोज्यातबी सांज झाली की तोंडात खजूर जातो. अल्लानं भूक दिली ती रोज भागवायला दिली, मारायला न्हाई दिली." आक्कानं तिचा हात धरून ठिवला, पण खजूर घेतला न्हाई.

आष्टीहून डॉक्टर आणला. त्यानं वास घेतला, नाडी बघितली, म्हणला अंगातली चरबी जळतीय त्याचा वास हाय हा, सुवास-बिवास काय न्हाई. सलाईन लावतो म्हणला तर आक्कानं दोन्ही हात पदराखाली घेतले. जाताना मला बाजूला घेऊन बजावलं, "ज्या दिवशी सोडतील त्या दिवशी आधी माझ्याकडं आणा. घरी काही देऊ नका." मी मनात म्हणलं, हो बाबा, बिल तर झालंच पायजे तुझं.

तू फकस्त लिही की बसले जहाजात. खोटं का व्हईना. मी वाचून दाखवते.

काकू

*

बेटावरून
ऑक्टोबरचा पहिला आठवडा

काकू,

तुझी दोन्ही पत्रं आज एकदमच उतरली. पहिलं वाचून हसू आलं होतं, भगरीवाल्या बाया दारात उभ्या आहेत ते वाचून. मग पुढं वाचलं.

आईला हे वाचून दाखव. माझ्या नावानं नको, भाषणातलं राहिलेलं आहे असं सांग.

सीलची आई उपाशी राहते हे खरं. पण ती आधी आठ महिने समुद्रात नुसती खाते. अंगावर चार बोटं जाड चरबीची गोधडी चढवून मग किनाऱ्यावर येते. तिथं ती चरबीच जाळते, मांसाला जवळजवळ हात लावत नाही. चरबी जळली की तिच्यातून पाणी तयार होतं, तेच तिचं पिणं. लघवी अगदी थोडी, घट्ट. झोपेत श्वास कितीतरी वेळ रोखून धरते, म्हणजे श्वासावाटे ओल जायला नको. नाकातसुद्धा अशी वळणं आहेत की बाहेर जाणारी वाफ परत आत घेतात. लाखो वर्षं लागली आहेत काकू, हे जमवायला. आई ते भाषण ऐकून दोन आठवड्यांत शिकू शकत नाही.

आपलं शरीर काही दिवस चरबीवर काढतं. सोबत मांसही जातच असतं, आणि चरबी सरत आली की जास्तच. पोटऱ्या जातात, दंड जातात. आणि हृदय हेसुद्धा मांसच आहे.

मला इथून निघता येत नाही. आमचं जहाज डिसेंबरात. खोटं मी लिहिणार नाही. बाबांना "येते" लिहिलं तेव्हा ते खोटं नव्हतं, जहाज बर्फात अडकलं होतं. पण तिच्या लेखी मी खोटं बोलले आणि माणूस गेलं. पुन्हा तेच करायचं आणि तिला कळलं तर ती कायमचीच उठणार नाही. तू तिला पाजच काहीतरी. मीठ-साखरेचं पाणी, ताक, काहीही. भांड तिच्याशी. तुला येतं भांडता.

इथं आम्ही माद्यांना नंबर देतो. एकीला मी दिला नाही. तिला केशर म्हणते. ती पिल्लाला पाजतेय आणि रोज थोडी थोडी लहान होतेय. रोज तिच्यासमोर बसून मी वजन लिहिते. आता लिहवत नाही.

नंदा

*

कडा
कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी

नंदे,

वाचून दाखवलं. भाषणातलं राहिलेलं हाय म्हणलं. ती काय दूधपिती हाय? म्हणली, "नंदीचं पत्र आलंय व्हय?" आन् सगळं ऐकून घेतलं. हृदयाचं आलं तिथं मी जरा थांबले, तर म्हणली, "वाच की." झाल्यावर विचारती काय, "आई समुद्रात गेल्यावर पिल्लाचं काय व्हतं?"

मी म्हणलं, भाषणातच हाय की, ते एकटंच किनाऱ्यावर पडून राहतं, महिना दीड महिना, अंगातल्या चरबीवर. मग भूक लागली की आपलं आपण पोहाया शिकतं.

"म्हंजे पिल्लूबी उपाशीच," ती म्हणली. मग, "तिकडं काय खाती गं ती? डबाबंद खात असंल."

दीड वर्षात तिनं तुझ्याबद्दल इचारलेलं हे पहिलं. मी आत जाऊन पदर तोंडात कोंबून रडले, तुला सांगाया काय लाज.

मीठ-साखरेचं पाणी दिलं, तोंडात धरलं आन् परसात थुकून आली. ताकाला तर शिवली न्हाई. भांडले. माझ्याइतकं कडाकडा भांडणारं ह्या गल्लीत दुसरं कुणी न्हाई. ती नुसती बघत राहिली. भांडणाला दुसरं माणूस लागतं नंदे, भिंतीशी किती भांडायचं?

पोटऱ्या गेल्या. हातातली पाटली दंडापर्यंत सरकती. उभी राहिली की खांब धरती आन् हसून म्हणती, जमीन हलतीय. रात्रीचं सोड, दुपारीबी झोपली की मी जवळ बसून असते. तिचा श्वास मधीच थांबतो. थांबतो आन् परत येतच न्हाई, आन् मग एकदम हुंदका दिल्यासारखा येतो. पहिल्यांदा मी हलवून उठवली. तर डोळे किलकिले करून म्हणती, "कशाला उठवतीस? सील अशीच झोपती म्हणली न्हाई का नंदी?"

तुझ्या शास्त्राशी माझं वैर न्हाई. पण तू तिकडं एका केशरचं वजन लिहीत बसलीस, इकडं दुसरीचं कुणी लिहायचं? कायबी कर. होडीत बस, फळकुटावर बस, पण बस.

काकू

*

बेटावरून
दिवाळीच्या आधी

काकू,

उद्या जहाजात बसतेय. खरंच बसतेय. मासेमारीवर पाळत ठेवणारं एक जहाज इथल्या आजारी माणसाला न्यायला आलंय, त्यात मला जागा दिली. हे पत्र तुला मिळेल तेव्हा मी समुद्रावर असेन. जहाजावरही पत्र पोचतं, लिही. आईला सांग, बसली. तिच्या कानात सांग.

आता हे नीट वाच, दोनदा वाच. उपास सोडताना तिला जेवू घालू नका. आधी दवाखान्यात न्या, रक्त तपासू द्या. डॉक्टर म्हणतील तसं, चमचा-चमचा पातळ पेज, अगदी थोडं थोडं, कित्येक दिवस. उपाशी शरीराला एकदम गोडधोड मिळालं की रक्तातले क्षार झरकन खाली जातात आणि हृदयाचा ठोका चुकतो. लांबलेल्या उपासातून तगलेली माणसं पारण्याला गेलेली आहेत. सील समुद्रात जाते, पोटभर खाते आणि तिला काही होत नाही. तिला उपासातून परत येण्याची वाट माहीत आहे. आपल्याला नाही.

माझी केशर काल पाण्यात गेली. पिल्लू ओरडत होतं. तिनं मागं वळून पाहिलं नाही. त्या कधीच पाहत नाहीत.

नंदा

*

कडा
धनत्रयोदशी, सांजच्याला

नंदे,

सुटला गं बाई. सुटला उपास.

तुझं पत्र सकाळी उतरलं. मी कानात सांगितलं, "आक्का, नंदी जहाजात बसली." तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, खोटं हाय का बघितलं. मग दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला. डोळ्यांतनं पाणी आलं, तेबी किती, दोन थेंब. एवढ्या कोरड्या अंगातनं आलं कुठनं देव जाणे. मग म्हणली, "घाल काय घालायचं ते."

तू लिहिलेलं मी दोनदा न्हाई, चारदा वाचलं. थोडं थोडं. डोक्यात पक्कं. दवाखान्याचं आजच करणार होते, पण औंदा ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीआधीच निघाल्या, गावात एक जीप शिल्लक न्हाई, सगळ्या माणसं-भांडीकुंडी भरून रस्त्याला. उद्या तुझे काका कुठनंबी गाडी आणतायत.

आन् नवसाचं पारणं कसं असतं तुला ठावं हाय. जिनं जिनं पायावर डोकं ठिवलं, तिचा तिचा एक घास. तो नाकारला तर तिचा हंगाम बुडाला. टेम्पो दारासमोर उभे, इंजनं चालू, आन् बाया कोयते-बोचकी टाकून पळत आल्या. प्रत्येकीच्या हातात पुरणपोळीचा तुकडा, कुणी दुधात भिजवलेला, कुणी गुळवणीत, कुणी तुपात. मी दारात उभी राहिले आन् सगळ्यांना दम दिला. म्हणलं, एकीनंबी एका घासावर दुसरा दिला तर हात मोडीन. एकेकच. बारीक. मऊ. सुभद्राबाईनं दोन केले तर तिचा दुसरा मी हिसकून घेतला. पहिला घास माझा, सुपारीएवढा. तू असतीस तर म्हणली असतीस, काकू शिस्तीची हाय.

चाँदबी आलती, एक खजूर आन् वाटीत पाणी घेऊन. म्हणली, "आज बस्स एवढंच दे सत्यशीला. बाकीच्यांना परत पाठव." मी म्हणलं, चाँदबी, हा रोजा न्हाई, नवस हाय, लोकांचा हक्क असतो. ती खजूर पदराला बांधून ओसरीच्या कडंला बसून राहिली. रांग सरेस्तोवर उठली न्हाई.

आक्का प्रत्येकीचा घास घेत होती आन् प्रत्येकीला सांगत होती, "माझी नंदी जहाजात बसली." टेम्पो गेले, तवा गाव एकदम रिकामं झालं, नुसती धूळ.

आता जरा पाय जड झालेत म्हणती. घोट्यावर बोट दाबलं की खड्डा राहतोय. छातीत पाखरू फडफडतंय म्हणती. इतक्या दिवसांनी अन्न गेलंय, जड पडलं असंल. ओवा दिलाय. दर घडीला इचारती, जहाज कुठवर आलं?

काकू

*

कडा
पाडवा, सकाळी

नंदे,

इकडं सगळं ठीक हाय. आक्का झोपलीय. तू घाई करू नको. जहाजात पोटभर जेव, डबाबंद खाऊ नको.

काकू

*

कडा
पाडवा, दुपारी

नंदे,

सकाळचं खोटं होतं. तुला समुद्रात एकटीला कसं सांगावं म्हणून लिहिलं. पण तुझ्या घरात एकदा खोट्या भरवशावर माणूस वाट बघत राहिलंय. दुसऱ्यांदा माझ्या हातनं नको.

तुझी आई गेली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, नगरच्या दवाखान्यात.

धनत्रयोदशीच्या रात्रीतनं ती बरळाया लागली. भावजींना हाका मारत होती. सकाळी गाडी मिळाली तवर हातपाय हलंनात, श्वास उथळ. आष्टीच्या डॉक्टरनं बघून नगरला धाडलं, मला एक शब्द बोलला न्हाई. बोलला असता तर बरं झालं असतं. नगरला नळ्या लावल्या. तिथला डॉक्टर तरणा पोरगा होता, तुझ्याच वयाचा. तू लिहिलंस तेच तो बोलला, क्षार खाली गेले, हृदय दमलं. काय दिलं होतं खायला, इचारलं. मी म्हणलं, डॉक्टर, लई जपून दिलं, कुणीबी एका घासाच्या वर दिलं न्हाई.

त्यानं इचारलं, "किती बाया होत्या?"

मला सांगता आलं न्हाई नंदे. मी दारात उभी राहून प्रत्येकीचा हात बघितला. रांग बघितली न्हाई.

पहिला घास माझा होता. तू चमचा-चमचा पेज लिहिलंस, दवाखाना लिहिलंस, आन् मी त्यातलं "थोडं थोडं" तेवढं उचललं. आक्कानं तुझ्या भाषणातलं तेवढंच उचललं होतं, मी तिला नावं ठेवत होते.

शेवटाला ती शुद्धीवर आलती जराशी. इचारलं, "बसली ना?" मी म्हणलं बसली, येतीय. तुझी ती केशर मागं न बघता पाण्यात गेली म्हणलीस. हिनं दारावरनं नजर काढली न्हाई. डोळे मी मिटवले.

काल सगळ्या गावात दिवे होते, आपल्या दारात न्हाई. चूल पेटवलेली न्हाई, मुनव्वर घरनं भाकरी-पिठलं घेऊन आला. काका जेवले. टोळ्यांतल्या बायांना अजून ठाऊक न्हाई, त्या उसात हायत. त्यांना वाटतंय केशरबाईला आपला घास पावला.

मी अजून काय खाल्लं न्हाई. नवस-बिवस काय बोलले न्हाई मी, उगा घाबरू नको. हात ताटाकडं जातो आन् परत येतो, बास. काल पोटात आग पडलती, आज भूकच न्हाई.

चाँदबी समोर येऊन बसलीय. धनत्रयोदशीला पदराला बांधलेला तोच खजूर हातात हाय, पाण्याची वाटी हाय. म्हणती, एकच घे, सत्यशीला. बरोबर बोलतीय ती, तवाबी बरोबर बोलली होती. पण मला आता त्या "एकच"चं भ्या वाटतंय. लवकर ये.

काकू